पहाटे साडेतीनचा माणूस : अण्णांच्या निवृत्तीच्या भेटीचं प्रकरण

आमच्या अण्णांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९६६. खरी कुणालाच ठाऊक नाही. आजी सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे हा वर्षाचाही नव्हता, भिंतीला धरून नुकता उभा राहायला लागला होता. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे अण्णा जन्मले ते १९६७ च्या सुरुवातीला कधीतरी. शाळेत घालताना गुरुजींनी वय भरावं म्हणून दप्तरात १ जून लावून टाकला. त्या पिढीतली अशी १ जूनवाली माणसं गल्लोगल्ली सापडतील. नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. अण्णा ३१ मे २०२४ ला, शुक्रवारी, अठ्ठावन्नाव्या वर्षी एसटीतून निवृत्त झाले. गुरुजींच्या टाकाच्या एका फटक्यानं सात-आठ महिने आधीच.

त्यात आणखी एक योग. १ जून हा एसटीचाही वाढदिवस. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, म्हणून दर १ जूनला आगारात रांगोळी, फुलं, वर्धापनदिन. अण्णांच्या ते कायम पथ्यावर पडलं होतं. ‘माझ्या वाढदिवसाला महामंडळ गाड्या सजवतं,’ असं ते म्हणत. त्या वर्षी मात्र १ जूनला गाड्या सजणार होत्या आणि अण्णा घरी असणार होते.

भेट काय द्यायची, या एका प्रश्नावर आम्ही तिघा भावंडांनी मे महिना घालवला. त्यातलं काय जमलं, काय फसलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे. आमच्या नात्यात आणि ओळखीत पुढच्या दोन-तीन वर्षांत बरेच जण निवृत्त होणार आहेत आणि मला प्रत्येकाची पोरं फोन करून ‘तुम्ही काय दिलं?’ असं विचारतात.

घरातली माणसं आणि पैसा

अण्णा वाहक, म्हणजे कंडक्टर. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आगारात १९९१ ला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. थोरला दादा तालुक्यातच खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो, आई-अण्णांबरोबर राहतो. मधली मी, पुण्यात नोकरी. धाकटा हिंजवडीत पहिल्याच नोकरीवर. दादाचे वीस हजार, माझे पंधरा, धाकट्याचे दहा, असे पंचेचाळीस हजार जमले.

दादाच्या डोक्यात सुरुवातीला आरोग्य विमा होता. अण्णांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आधीपासून असलेल्या आजारांना विम्यात तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा जितक्या लवकर घेऊ तितकं बरं, हे त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं, पण ती भेट नव्हती. आईनं एका वाक्यात निकाल लावला, ‘औषधपाण्याला भेट म्हणत्यात व्हय? ते तर करायचंच.’ तिथून आम्ही दोन याद्या केल्या. एक करायच्याच गोष्टींची, तिला भेटीच्या पैशातून हात लावायचा नाही.

त्या यादीत आणखी एक महत्त्वाचं काम होतं, ते मध्येच सांगून टाकते. एसटीवाल्यांना सरकारी कर्मचाऱ्यासारखं निवृत्तिवेतन नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून जे मिळतं तेच. त्या हिशोबात पगाराची मर्यादाच पंधरा हजारांची, आणि जुन्या वर्षांना तर त्याहून कमी, त्यामुळे तेहतीस वर्षं नोकरी करूनही अण्णांचा महिन्याचा आकडा अगदी तुटपुंजा बसला. भार सगळा फंड आणि ग्रॅच्युइटीवर. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच मिळते असा सर्वांचा समज असतो. पण पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्याला, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, हे खातं उघडता येतं. व्याज तेव्हा ८.२ टक्के, दर तिमाहीला. दहा लाख ठेवले तर तिमाहीला साडेवीस हजार. ही मुदत चुकली तर साठ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. ते काम दादानं केलं आणि त्याबद्दल कुणी त्याला शाल दिली नाही.

भेटींची यादी

आता दुसरी यादी. धाकट्याला अंगठी द्यायची होती, आणि त्याच्या हट्टामागे कारण होतं. २०२१-२२ च्या संपात पाच-सहा महिने घरात पगार आला नाही. त्या जानेवारीत धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. अण्णांची लग्नातली अंगठी, आमच्या मामांनी घातलेली, सोनाराकडे गेली ती गेलीच. धाकट्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण व्हॉट्सॲपवर ‘अण्णा ३१ मे’ असा ग्रुप निघाला त्याच रात्री त्यानं अंगठ्यांचे सात फोटो टाकले. बावीस कॅरेटचा भाव तेव्हा तोळ्याला सहासष्ट-सदुसष्ट हजार. अर्ध्या तोळ्याची अंगठी, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी धरून साडेअडतीस हजारांपर्यंत जात होती. बजेटात बसत होती. १० मेला अक्षय्य तृतीया, त्या दिवशी घ्यायची असं जवळजवळ ठरलंही.

माझी कल्पना वेगळी होती आणि मला ती फार आवडली होती. मी पुण्यात राहते, दरवर्षी पालख्या बघते. त्या वर्षी माउलींची पालखी आळंदीहून २९ जूनला निघणार होती, १७ जुलैला आषाढी. पालखी निघायची ती निवृत्तीनंतर साधारण चार आठवड्यांनी. अण्णांनी तीसेक वर्षं आषाढीला जादा गाड्यांवर ड्युटी केली, पंढरपूरच्या यात्रेच्या स्टँडवर उभं राहून दुसऱ्यांना विठ्ठलाकडे नेलं-आणलं, आता त्यांनी स्वतः चालत जावं, मी रजा काढून सोबत जाईन. लिहून काढलं तर डोळ्यांत पाणी येईल अशी कल्पना. मी फोनवर सहज विचारावं तसं विचारलं, ‘अण्णा, यंदा वारीला जायचं का?’

‘पंढरपूर?’ अण्णा म्हणाले. ‘तीस वर्षं आषाढीला तिथंच हुतो की. ओरडून ओरडून घसा बसायचा. लांबनं कळस दिसतुया, तेवढं बास. आन् इठोबाला मी मानसं नेऊन घातल्यात, त्याला म्हाईत हाय.’

मग थोडं थांबून म्हणाले, ‘चालायचं म्हंजे उभंच ऱ्हायचं की गं.’

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. अण्णांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा मी लहानपणापासून बघत आले आहे. तेहतीस वर्षं चालत्या गाडीत, दोन सीटांच्या मधल्या बोळात, एका गुडघ्यानं सीटला टेकून तिकिटं फाडलेला माणूस. आधी ट्रेमधली छापील तिकिटं आणि पंच, पुढे मशीन आलं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, असं ते कौतुकानं सांगायचे. त्या गर्दीतनं शेवटच्या सीटपर्यंत जायचं काम त्यांचंच. अशा माणसाला मी अडीचशे किलोमीटर चालवायला निघाले होते. वारी माझी हौस होती, आणि अंगठी ही धाकट्यानं स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला शोधलेली जागा होती. असं मी त्याला नंतर म्हटलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही.

बाकीच्या सूचना लवकर निकालात निघाल्या. मोठा मोबाइल: आहे तोच ते उलटा ठेवतात. घड्याळ: तेहतीस वर्षं मिनिटाला बांधलेल्या माणसाला आणखी एक घड्याळ देणं मला क्रूरपणाचं वाटलं. ओळखीच्यात कुणी गाडी करून चारधामला पाठवलं होतं; आई म्हणाली, ‘गाडीत बसवू नका त्यांना.’ चांदीचं ताट आणि फोटोची चौकट आत्या देणारच होती.

९ मेची रात्र

अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायचं म्हणून मी आदल्या दिवशी गावी गेले. मुलं आतल्या खोलीत, म्हणून मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले. अण्णांची शेवटची फेरी स्वारगेटहून यायची होती. सव्वाअकराला दाराची कडी वाजली, वाजली म्हणजे आवाज न करता सरकली. दिवा लावला नाही. चपला हातात. मी जागी आहे हे त्यांना कळलं नाही.

आमच्या घरात पुढच्या दारातून आत आलं की एक बोळ आहे, तीन-साडेतीन फुटांचा. एका बाजूला धान्याच्या पोत्यांची खोली, दुसऱ्या बाजूला न्हाणी. अण्णांनी कोपऱ्यातली वळकटी काढली, बोळात अंथरली आणि झोपले. मी हे शेकडो वेळा पाहिलं असणार, त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. ही तीच वळकटी जी मुक्कामी गाडीवर जायची. खेड्यात वस्तीला गाडी गेली की चालक-वाहक गाडीतच झोपतात, उन्हाळ्यात टपावर. गावातलं कुणी भाकरी आणून देतं, सकाळी साडेपाच-सहाला तीच गाडी परत. एक चादर, एक गोधडी, हवा भरायची उशी; बाहेरून सुतळीची गाठ.

घरातही ते असेच का झोपत होते? कारण साधं होतं. पहाटेची ड्युटी असली की साडेतीनला उठायचं, रात्रीची असली की बाराला यायचं. पोरं लहान होती तेव्हा कुणाची झोप मोडू नये म्हणून ते दाराजवळ झोपायला लागले. मग दादाचं लग्न झालं, खोल्या वाटल्या गेल्या, आणि अण्णांना कुठली खोली हा प्रश्नच आला नाही, कारण ते झोपायला कधी असायचे ते कुणालाच नक्की माहीत नसायचं. आगारातल्या विश्रांतीगृहात त्यांची एक ठरलेली जागा होती. स्वतःच्या घरात नव्हती.

त्या रात्री ते कसे झोपले होते ते सांगायलाच हवं. बोळ साडेसहा फूट लांब आहे, पाय पसरायला भरपूर जागा. पण गुडघे पोटाशी ओढलेले, तीन माणसांच्या सीटवर मावेल एवढंच शरीर. आणि उजवा हात उशीखाली, मूठ मिटलेली. मुक्कामाला कॅशची बॅग उशाखाली असते, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपायची त्यांची सवय. घरात बॅग नव्हती, पट्टा नव्हता. मूठ होती.

तीन चाळीसला ते गजराशिवाय उठले. आई त्यांच्याही आधी उठलेली, चहाचं आधण चढलं होतं. चपला हातात घेऊन बाहेर गेले.

सकाळी मी दादाला म्हटलं, अंगठी आज नको. १ जूनच्या पहाटे साडेतीनला हा माणूस कुठे असेल, एवढं मला सांग. दादा म्हणाला, ‘कुठं म्हंजे? हितंच. बोळात.’

धाकट्यानं फोनवर भांडण काढलं. ‘सेंड ऑफला लोकांसमोर काय द्यायचं? पलंग उचलून न्यायचा का स्टेजवर?’ त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. निवृत्तीच्या कार्यक्रमाला चारशे डोळे असतात आणि ‘पोरांनी काय केलं?’ हा प्रश्न सगळ्यांच्या ओठावर. तो प्रश्न अण्णांनाही जाणवणार होता. मुलांनी रिकाम्या हातानं यावं असं कुठल्या बापाला वाटेल? म्हणून पैसे दोन ठिकाणी विभागले. कार्यक्रमासाठी पूर्ण पोशाख: पांढरा नेहरू शर्ट, विजार, टोपी, उपरणं, आणि आईला साडी. साडेतीन हजार. बाकी सगळं घरी, पोत्यांच्या खोलीत.

गादी

पोती दुकानाच्या माडीवर गेली. भिंतींना चुना, खिडकीला जाड पडदा, एक पंखा; सहा हजार तीनशे. पलंग गावातल्या सुतारानं केला, साडेसहा बाय साडेतीन, सागवानी चौकट, साडेसतरा हजार. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

गादीत चूक झाली, आणि ती आम्ही घाईत केली. दादानं इंटरनेटवरून फोमची गादी मागवली. ती नळीसारखी गुंडाळून खोक्यातून आली, कापली आणि फुस्स करून फुगली. पोरांना मजा वाटली. सांगलीकडचा मे महिना, पत्र्याखालची खोली. तासाभरात ती गादी उन्हात ठेवलेल्या टायरसारखी वासायला लागली. आई तिच्यावर बसून बघत म्हणाली, ‘ह्याच्यात मानूस रुततंय. उठायला दुसरा लागंल.’ परत पाठवायची तर कंपनी म्हणे मूळ खोक्यात घालून द्या. जी गादी चौपट फुगली ती खोक्यात कशी घालायची हे फोनवरच्या मुलीलाही सांगता येईना. पैसे आले शेवटी, पण तीन आठवड्यांनी आणि दादाच्या अकरा फोनांनंतर.

मग वहिनीनं सांगितलं, बाजारपेठेत एक पिंजारी अजून गादी भरून देतो. आम्ही गेलो. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, घेऊन दारोदार यायचे, त्याची तात वाजली की पोरं धावत. आता यंत्र आहे, दुकानभर कापसाची धूळ, त्याच्या भुवयाही पांढऱ्या. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याही दुकानदारानं विचारला नव्हता: ‘झोपणार कोण? वजन किती, आन् कुशीवर झोपत्यात का उताणं?’

दादा म्हणाला, ‘कुशीवर. पाय पोटाशी घेऊन.’

‘मग खांद्याला आन् कमरेला जास्ती लागंल,’ तो म्हणाला आणि कापूस दाखवायला लागला. स्वस्तातली गादी गिरणीच्या टाकाऊ कापसाची, करड्या रंगाची, वर्षात गोळे होतात. चांगली रुई पांढरी, हातात दाबली तर सोडल्यावर परत उठते. एकेरी गादीला चार इंच जाडीला अकरा-बारा किलो कापूस. उशीला मात्र सावरीचा कापूस घ्या म्हणाला, तो रेशमासारखा, घसरतो, डोक्याखाली गरम होत नाही. गादीपाट, म्हणजे खोळीचं कापड, निळ्या पट्ट्यांचं. खोळीत कापूस भरून तो तिच्यावर चढून बसला, काठीनं बडवून बडवून सारखा केला, मग दाभणानं टाके. टाका घालताना दोरा ओढला की गादी त्या ठिकाणी खोल जायची आणि भोवतीनं फुगायची. कडेचा गोट त्याच्या बायकोनं घातला. गादी आणि उशी मिळून पाच हजार दोनशे. जाताना म्हणाला, ‘महिन्यातनं एकदा ऊन दाखवा. तीन-चार वर्षांनी आना, परत पिंजून देतो.’

खर्चाचा हिशोब साडेबत्तीस हजारांवर थांबला. साडेबारा उरले.

३१ मे आणि नंतर

शेवटच्या ड्युटीला गावकऱ्यांनी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. शेवटच्या फेरीला अण्णांनी स्वतःचं तिकीट काढलं, पूर्ण, आणि ते खिशात ठेवलं. कार्यक्रमात भाषणं झाली, शाली आल्या, आमचा पोशाख त्यांनी तिथेच उपरण्यासकट अंगावर घेतला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. रात्री घरी आल्यावर आम्ही खोलीचं दार उघडलं.

अण्णांनी पलंगाच्या चौकटीवरून हात फिरवला. सुतार कोण, ते विचारलं. गादी दाबून बघितली. ‘चांगली भरलीया,’ म्हणाले. मग बोळात वळकटी टाकून झोपले.

आम्हाला वाटलं, पहिली रात्र आहे. दुसऱ्या रात्रीही तेच. आठवडा गेला. पलंगावर दादाचा मुलगा उड्या मारायचा, आईनं एकदा कुरडया वाळत टाकल्या. मी पुण्याला परत आले होते, फोनवर विचारायची तर आई म्हणायची, ‘न्हाई गं. त्या खोलीत जातच न्हाईत.’ धाकट्यानं ग्रुपवर अंगठीचा फोटो पुन्हा टाकला. खाली काही लिहिलं नाही.

कारण कळलं ते दहाव्या दिवशी, दादाशी झालेल्या चकमकीत. दादा वैतागून म्हणाला, ‘अण्णा, तीस हजार घातल्यात, झोपून तर बघा.’ अण्णा म्हणाले, ‘निवृत्त झालो म्हंजी मी अंथरूण धरलं का?’

इथे आमचं सगळं गणित चुकलं होतं. आम्ही तेहतीस वर्षांचा थकवा बघितला होता. पलंग, पडदा लावलेली अंधारी खोली, चारी भिंती नव्या चुन्याच्या. आमच्या गावात अशी खोली कुणासाठी तयार होते? आजोबांना पक्षाघात झाला तेव्हा याच खोलीत त्यांचा पलंग होता. मी तेव्हा सहा वर्षांची होते, मला तो आठवतही नव्हता. अण्णांना आठवत होता. निवृत्तीच्या रात्री मुलांनी बापाला त्या खोलीचं दार उघडून दाखवलं.

यावर काय करायचं हे आम्हाला सुचलं नाही, आणि बरं झालं सुचलं नाही. जे झालं ते अण्णांनी केलं. जूनच्या मध्यावर पाऊस लागला, बोळात ओल यायला लागली. एक दिवस त्यांनी दादाच्या मुलाला हाताशी धरून पलंग ओढत खिडकीखाली नेला. जाड पडदा काढून वहिनीला परत दिला, ‘माजघराला लाव’ म्हणून. त्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो. पावणेसहाची पहिली गाडी तिथून जाते. भिंतीत दोन खिळे ठोकले, एकाला चामड्याची बॅग, एकाला पंच. बिल्ला आगारात जमा झाला होता. वळकटी पायथ्याशी ठेवली, गाठ बांधलेलीच. मग एकदा गादी सायकलवर घालून पिंजाऱ्याकडे घेऊन गेले आणि आणखी चार टाके घालून आणले. मऊ लागते म्हणाले. पिंजाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, त्याच्या सासरच्या गावाला अण्णा दहा वर्षं मुक्कामी गाडी घेऊन जात होते असं तिथे निघालं.

आता मला कुणी विचारलं तर मी सांगते, भेट पूर्ण करून देऊ नका. पलंग घ्या, पण तो कुठे लावायचा ते ठरवू नका. पडद्याचे पैसे आमचे वाया गेले, ते जायलाच हवे होते. अंगठीच्या बाबतीत मात्र माझं मत अजून डळमळतं. दिवाळीत धाकट्यानं स्वतःच्या बोनसमधून दोन ग्रॅमची अंगठी केली आणि अण्णांनी ती अजून बोटातून काढलेली नाही. आई म्हणाली होती, कपाटात ठेवतील. तीही चुकली.

झोपेचं सांगायचं तर, जुलै-ऑगस्ट ते साडेतीनलाच उठत, पलंगावर बसून राहत आणि पहिली गाडी गेली की परत आडवे होत. कुठला चालक आहे ते आवाजावरून ओळखत. गिअर कोण कसा टाकतं ते सांगत. गणपतीला मी गेले तेव्हा पाच वाजता उठले. कोजागिरीनंतरच्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत झोपले, तेव्हा आई तीनदा खोलीत जाऊन छाती हलते का बघून आली. पाय सरळ होते, असं ती म्हणाली. मुठीचं मी विचारलं नाही.

ते सांगताना मी तिला विचारलं, ‘पण तू सहाच्या आत तीनदा जाऊन आलीस म्हणजे तू किती वाजता उठली होतीस?’

‘साडेतीनला,’ ती म्हणाली. ‘मला कुठं निवृत्ती दिलीया तुमी?’

तेहतीस वर्षं पहाटेचा डबा तिनं केला होता. मे महिनाभर आम्ही तिघं, कधी फोनवर, कधी त्याच घरात तिनं केलेला चहा पीत, अण्णांच्या झोपेची चर्चा करत होतो. ती कुठे झोपते हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात चटईवर झोपते, चुलीच्या उबेला, असं आम्ही धरून चाललो होतो. चूल जाऊन पंधरा वर्षं झाली.

साडेबारा हजार दादाकडे तसेच होते. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन पिंजाऱ्याकडे गेलो. त्यानं तोच प्रश्न विचारला, कुशीवर का उताणं. आईला उत्तर सांगता येईना, तिनं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. शेवटी ती म्हणाली, ‘चार इंची नको. तीन इंची भर. मला एकटीला उचलून उन्हात टाकता आली पाहिजे.’